रत्नप्रभाबाईंची गुलाबी टाळू

वसंतराव सोहोनींची जयपूरला बदली झाली ती १९५७ साली. ती बातमी ऐकून त्यांच्या पत्नी रत्नप्रभाबाईंनी सांगलीच्या घरात अबोला धरला. तो दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी त्या बोलू लागल्या. राग गेला नव्हता, पण गप्प बसण्याची सवय नव्हती आणि त्यामुळे घसा दुखायला लागला होता, असं त्यांनीच पुढे सगळ्यांना सांगितलं.

चांदपोल बाजारामागच्या एका गल्लीत हवेलीचा वरचा मजला त्यांना भाड्याने मिळाला. रत्नप्रभाबाईंना हिंदी येत नव्हतं. पण त्यामुळे त्यांचं बोलणं अडलं, असं काही झालं नाही. मराठी वाक्य पूर्ण करायचं आणि शेवटी 'है' जोडायचं, एवढ्यावर त्यांनी सहा महिन्यांत सगळी गल्ली जिंकली. वर्षभराने भाजीवालाच त्यांना 'अहो बाई, कोथिंबीर घ्या' म्हणू लागला. कोणाची सून माहेरी का गेली, कुठल्या जवाहिऱ्याने दुकान का हलवलं, हे वसंतरावांना ऑफिसात कळायच्या आधी घरी कळत असे.

गोडाचं त्यांना वेड होतं. तीजेच्या सणाला खालच्या मालकीणबाईंनी पहिल्यांदा घेवर पाठवला, तेव्हा 'ही तुपात भिजवलेली जाळी आहे, हिच्यात खाण्यासारखं काय आहे' असं म्हणत म्हणत त्यांनी तीन घेवर संपवले. पुढच्या तीजेची वाट त्या दुसऱ्या दिवसापासून पाहू लागल्या.

त्याच सुमारास त्यांना तहान लागू लागली. जयपूरचा उकाडा म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पण हिवाळा आला तरी माठ दुपारीच रिकामा होऊ लागला. अंगावरचे ब्लाउज सैल झाले. डॉक्टरकडे गेल्यावर मधुमेह निघाला.

वसंतरावांना हा स्वतःचाच अपमान वाटला. ते विमा महामंडळात अधिकारी होते. विमा उतरवायला आलेला माणूस कुठला आजार लपवतोय का, हे कागद पाहून ओळखण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. लोक साखर कशी लपवतात यावर ते तासभर बोलू शकत. आणि त्यांच्याच घरात ती निघाली.

त्यांनी लगेच शिस्त लावली. रोज सकाळी मोरीच्या कट्ट्यावर स्पिरिटचा दिवा पेटे. काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. नळी निळी राहिली तर साखर नाही. हिरवी झाली तर थोडी आहे, पिवळी झाली तर जास्त. नारिंगी झाली तर काळजी करायची आणि विटकरी झाली तर डॉक्टरकडे पळायचं.

"म्हणजे जयपूरच्या भिंतींना मधुमेह आहे म्हणा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. वसंतरावांना हसू आलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या दिवसाच्या चौकटीत रंगीत पेन्सिलीने ठिपका दिला. तेव्हापासून रोज एक ठिपका पडू लागला.

इन्शुलिन टोचायला नंदकिशोर कंपाउंडर सायकलवरून येत. काचेची पिचकारी उकळायची, सुई दगडावर घासून धार लावायची आणि 'बाईजी, राम का नाम लो' म्हणून टोचायची, असा त्यांचा रिवाज होता. नंतर चहा होई आणि गप्पा होत. तीन वर्षं हे सुरळीत चाललं. ठिपके निळे-हिरवे पडत राहिले.

१९६२च्या चैत्रात एके दिवशी चहा ओतता ओतता रत्नप्रभाबाईंनी सहज विचारलं की हे औषध करतात तरी कशाचं. नंदकिशोरना इंग्रजी वाचता येत असे आणि ते दाखवण्याची संधी क्वचित मिळे. त्यांनी खोक्यातला कागद उलगडला, डोळ्यांजवळ धरला आणि वाचून सांगितलं की गाय-बैलांच्या पोटात एक ग्रंथी असते, तिच्यापासून हे काढतात. सांगून ते समाधानाने चहा प्यायले आणि निघून गेले.

रत्नप्रभाबाई कितीतरी वेळ चुलीसमोर बसून होत्या. त्या सोवळंओवळं फार पाळत असं नाही, पण गाय ती गाय. तीन वर्षं रोज सकाळी आपण काय अंगात घेत होतो, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. नवऱ्याला सांगावं तर तो दहा कात्रणं काढून वाचून दाखवणार. म्हणून त्यांनी सांगितलंच नाही. नंदकिशोरना म्हणाल्या, साहेब आता स्वतः टोचायला शिकलेत, तुम्ही कशाला त्रास घेता. नवऱ्याला म्हणाल्या, मी आता स्वतः टोचायला शिकले. दोघांनाही कौतुक वाटलं. आणि रोज सकाळी मोजून भरलेली पिचकारी मोरीत रिकामी होऊ लागली. बदल्यात कारल्याचा रस आणि जांभळाच्या बियांची पूड सुरू झाली.

प्रश्न राहिला नळीचा. पहिल्या दिवशी त्यांनी लघवीच्या बाटलीत पाणी घेतलं आणि रंगासाठी चिमूटभर हळद घातली. वसंतरावांनी थेंब टाकले मात्र, नळी लालसर झाली. ते घाबरले आणि त्यांनी इन्शुलिन चार मात्रांनी वाढवलं. मोरीला त्या दिवसापासून चार मात्रा जास्त मिळू लागल्या. रत्नप्रभाबाई विचारात पडल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं. हळदीला खार लागला की कुंकू होतं. त्या निळ्या पाण्यात सोडा असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी बिनसाखरेचा, अगदी पातळ केलेला चहा बाटलीत भरला. नळी निळीशार राहिली.

पुढचे अडीच महिने कॅलेंडर आभाळासारखं दिसत होतं. वसंतरावांनी ते एकदा ऑफिसातल्या डॉक्टरांना घरी बोलावून दाखवलं. डॉक्टरांनी नियमितपणाची तारीफ केली. रत्नप्रभाबाईंनी आतून चहा पाठवला, साखर घातलेला.

जूनमध्ये आंध्या, म्हणजे धुळीची वादळं, सुरू झाल्या. दुपारी आकाश पिवळं व्हायचं आणि खिडक्या लावल्या तरी अंथरुणात धूळ सापडायची. अशा एका आंधीनंतर रत्नप्रभाबाईंचं डोकं जड झालं आणि नाकाची डावी बाजू चोंदली. त्यांनी नाकात तूप सोडलं. दुसऱ्या दिवशी डावा गाल सुजला आणि बधिर झाला. चिमटा काढला तरी कळेना, याची त्यांना गंमत वाटली. खालच्या मालकीणबाईंनाही त्यांनी चिमटा काढायला लावला. तिसऱ्या दिवशी मात्र त्या उठल्याच नाहीत. डावी पापणी अर्धी मिटलेली होती आणि श्वास जोराजोरात चालला होता.

त्यांची मुलगी सुनंदा इंटर सायन्सला होती. जयपूरला आली तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती आणि तिची मराठी आता हिंदीच्या खांद्यावर हात ठेवून चालत असे. आईला पाणी पाजायला ती वाकली तेव्हा तिला दोन गोष्टी जाणवल्या. आईच्या श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता आणि नाकातून काहीतरी काळपट येत होतं. तिने वडिलांना हाक मारली नाही. आधी आईची लघवी स्वतः घेतली आणि नळी पेटत्या दिव्यावर धरली. दोन मिनिटांत नळी विटकरी झाली.

वसंतराव ती नळी उजेडाकडे धरून उभे राहिले. काल निळी, परवा निळी, आज ही. औषध बिघडलं असावं, असं त्यांनी बोलून दाखवलं.

"आई," सुनंदाने विचारलं, "मतलब, कालपर्यंत जे होतं ते काय होतं?"

रत्नप्रभाबाईंनी उघडा डोळा छताकडे लावला. "चहा," त्या म्हणाल्या.

वसंतरावांनी नळी खाली ठेवली. त्यांनी बूट घातले आणि टांगा आणायला गेले. टांग्यात तिघं बसली, तेव्हा बाईंनी तुटक तुटक गायीचंही सांगून टाकलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाचे डॉक्टर माथुर होते. शांत, उंच माणूस. त्यांनी रत्नप्रभाबाईंना तोंड उघडायला लावलं आणि टॉर्च टाकला. टाळूच्या डाव्या बाजूला रुपयाएवढा काळा डाग होता, कोळशासारखा. त्यांनी नाकातली काळी खपली खरवडली, स्वतः जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि परत येऊन स्टूल ओढून बसले.

ही बुरशी आहे, त्यांनी सांगितलं. हवेत, धुळीत, शिळ्या पावावर सगळीकडे असते. तुम्ही-आम्ही रोज ती हुंगतो आणि काही होत नाही. पण रक्तात साखर माजली आणि रक्त आंबलं की ती नाकात रुजते, रक्तवाहिन्यांत शिरते, आणि जिथे शिरते तिथलं मांस मरून काळं पडतं. नाकातून टाळूत आली आहे. डोळ्यात आणि मेंदूत जायला तिला फार दिवस लागत नाहीत. यापूर्वी असे दोन रोगी पाहिले होते, असंही ते म्हणाले. त्या दोघांचं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही.

सुनंदाने हे सगळं मराठीत सांगितलं. 'फफूंद'ला शब्द सापडेना, तेव्हा म्हणाली, लोणच्यावर येते ना, ती.

रत्नप्रभाबाईंना तेवढं लगेच समजलं. "मग काढून टाका म्हणावं तेवढा भाग," त्या पुटपुटल्या. "खालचं चांगलं असतं."

डॉक्टर म्हणाले, काढू, पण आधी साखर खाली आणायला हवी. आत्ता, या घटकेला इन्शुलिन. नर्स पिचकारी घेऊन आली आणि रत्नप्रभाबाईंनी हात पदराखाली घेतला. अंगात त्राण नव्हतं, पण पदर घट्ट धरला होता.

वसंतरावांच्या खिशात कात्रणं नव्हती. ते खाटेच्या कडेला बसले.

"रत्ना, तू गेलीस तर घरात बोलणार कोण?" ते म्हणाले. "मला ते जमत नाही."

त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. पंचवीस वर्षांत हा माणूस एवढं लांब वाक्य स्वतःबद्दल कधी बोलला नव्हता. मग त्यांनी हळूच विचारलं की पाप लागलं तर काय करायचं. ते माझ्या माथी, वसंतराव म्हणाले.

"पाप म्हणजे काय विमा आहे, दुसऱ्याच्या नावावर करायला?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

दोन दिवसांनी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर माथुरांनी काळं पडलेलं सगळं काढलं. डाव्या बाजूची टाळू गेली, वरचे चार दात गेले, नाकाच्या आतलाही काही भाग गेला. डोळा वाचला. पण नुसतं कापून भागणार नव्हतं. बुरशी मारणारं एक नवं औषध परदेशातून येत असे आणि ते जयपुरात मिळत नव्हतं. दिल्लीत एका मोठ्या औषधवाल्याकडे थोड्या कुप्या होत्या. त्या थंड ठेवाव्या लागत.

इथे सुभेदार सर्जेराव जाधव कामाला आले. ते साताऱ्याकडचे, जयपूरच्या छावणीत होते. गणेशोत्सवात सोहोन्यांशी ओळख झालेली. सुट्टीवरून परत येताना दिल्लीत गाडी बदलायची होती. निरोप मिळताच त्यांनी बर्फ भरलेल्या मोठ्या थर्मासमध्ये कुप्या घातल्या आणि रात्रभर तो मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या प्रवाशाने पाणी मागितलं तेव्हा त्याला डोळे दाखवून गप्प केलं, असं ते नंतर सांगत.

औषध उजेडाने बिघडतं म्हणून शिरेतून द्यायच्या बाटलीला काळा कागद गुंडाळला होता. रत्नप्रभाबाईंनी खुणेने विचारलं, हे काय बांधून ठेवलंय. तेव्हा नर्सने उजेडाचं कारण सांगितलं आणि वर हेही सांगितलं की हे औषध मिठाच्या पाण्यात टाकलं तरी खराब होतं, म्हणून ते ग्लुकोजच्या पाण्यातूनच द्यावं लागतं. सुनंदाने भाषांतर केलं. ग्लुकोज म्हणजे साखर, हे रत्नप्रभाबाईंना ठाऊक होतं. ती साखर जिरवायला वेगळं इन्शुलिन देत होते, तरीही तोंडाला पट्ट्या असताना त्यांच्या डोळ्यांत विजय दिसला. वसंतरावांनी तो पाहिला आणि मान खाली घातली.

औषध मात्र गोड वागलं नाही. बाटली लागली की तासाभरात थंडी भरायची आणि दात वाजायचे. लोखंडी खाट एवढी खडखडायची की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणायची, दिल्लीची गाडी आली. उलट्या व्हायच्या, हाताची शीर सुजायची. हे सहा आठवडे चाललं. रत्नप्रभाबाई एवढ्या वाळल्या की खालच्या मालकीणबाई भेटायला आल्या आणि त्यांना ओळखता न येऊन शेजारच्या खाटेशी बसल्या.

पण काळा डाग परत आला नाही.

ऑगस्टमध्ये त्या घरी आल्या, तेव्हा बोलता येत नव्हतं. म्हणजे बोलता येत होतं, पण कुणाला समजत नव्हतं. टाळूत भोक पडल्यामुळे सगळे शब्द नाकातून निघत आणि 'पोळी', 'टोपी', 'कोळी' या तिन्हींचा एकच आवाज होई. पाणी प्यायलं तर अर्धं नाकातून बाहेर. मग पाटी आली. रत्नप्रभाबाई इतक्या वेगाने लिहीत की पाटी पुसायला सुनंदाला शेजारी बसावं लागे. सुनंदा ते हिंदीच्या थाटात वाचे, 'ळ' आला की अडखळे, आणि बाई नाकातून काहीतरी ओरडत. ते काय ओरडतात ते पुन्हा पाटीवर लिहावं लागे. वसंतरावांनी एकदा म्हटलं की घर किती शांत झालंय. त्यावर पाटीवर जे लिहिलं गेलं ते सुनंदाने वाचायला नकार दिला.

मिर्झा इस्माईल रोडवर एक दंतवैद्य होते. डॉक्टर माथुरांनी त्यांच्याकडे पाठवलं. त्यांनी तोंडाचा साचा घेतला आणि प्लास्टिकची एक फळी केली, वर भोक बुजवणारा फुगवटा आणि बाजूला चार दात. पहिली फळी सैल झाली आणि शिंकेसरशी दंतवैद्यांच्या टेबलावर जाऊन पडली. दुसरी टोचत होती. तिसरी ऑक्टोबरात बसली. दंतवैद्यांनी आरसा दिला. फळी फिकट गुलाबी रंगाची होती.

"शहर बघून रंग दिलाय वाटतं," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

प्रत्येक अक्षर स्वच्छ. वसंतराव खुर्चीवर ताठ बसले होते, त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यानंतर बाई पाऊण तास बोलल्या. साडेतीन महिन्यांचं साठलेलं होतं. बाहेर थांबलेले दोन रोगी आत येऊन ऐकत उभे राहिले, त्यांना एक अक्षर कळत नसूनही.

आता इन्शुलिन त्या स्वतः आणि खरोखर टोचू लागल्या. गायीचं त्यांनी आपल्यापुरतं असं मिटवलं की टोचण्याआधी हात जोडायचे. ती गाय कुठल्या देशातली, तिचं नाव काय, काही माहीत नव्हतं. म्हणून त्या तिला 'परगावची माउली' म्हणत आणि तिचे उपकार मोठ्याने मानत. वसंतराव मात्र लघवीची बाटली हातात आली की आधी हुंगून पाहत. रोज. बाई त्यावर रागावत नसत.

नंतरच्या दोन वर्षांत त्यांच्या पिशवीत टॉर्च कायमचा राहायला आला. गल्लीत कुणाला सर्दी झाली की त्या आधी साखर आहे का विचारत आणि मग तोंड उघडायला लावत. १९६४च्या गणेशोत्सवात सर्जेरावांच्या पत्नी मालनबाई नाक ओढत आल्या. अंग बरं नाही, तहान फार लागते, दाढ दुखते, असं सांगत होत्या. रत्नप्रभाबाईंनी त्यांना आरतीतून बाजूला घेतलं आणि टॉर्च लावला. आतला जबडा आणि टाळूची कड काळीकुट्ट होती.

त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. मालनबाईंना टांग्यात घातलं आणि थेट डॉक्टर माथुरांकडे नेलं. वाटेत मालनबाई सारखं सांगत होत्या, "आवं बाई, येवढं नाक चोंदलंय, दुसरं काय न्हाय." डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेतला आणि काळ्या जागेवरून फिरवला. बोळा काळा झाला, टाळू लाल निघाली. मालनबाईंनी दाढेला मिसरी लावली होती, रोजच्यापेक्षा जरा जास्त.

डॉक्टर हसले नाहीत, फक्त बोळा जरा जास्त वेळ पाहत राहिले. सर्जेराव मागून सायकल हाणत पोचले, त्यांना कारण कळलं आणि ते व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्यांचे खांदे हलताना आतून दिसत होते. रत्नप्रभाबाईंनी मात्र, आलोच आहोत तर लघवीही पाहून घ्या, असा हट्ट धरला. नळी पिवळी झाली. व्हरांड्यातले खांदे थांबले.

आठवड्याने मालनबाई गुपचूप घरी आल्या आणि विचारू लागल्या, ते चहाचं पाणी नेमकं किती पातळ करायचं. रत्नप्रभाबाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी तोंडात बोट घालून फळी काढली, ओल्या तळहातावर ठेवली आणि मालनबाईंसमोर तोंड उघडलं. मालनबाईंनी आत पाहिलं. नंतर त्या पदराने डोळे पुसून सुई कशी धरायची ते शिकून गेल्या.

ही हकिगत सर्जेरावांनी डॉक्टरांना सांगितली असावी. कारण त्यानंतर दर बुधवारी मधुमेहाच्या रोग्यांच्या रांगेपाशी रत्नप्रभाबाईंसाठी एक स्टूल मांडलं जाऊ लागलं. तिथे बसून त्या प्रत्येकाला विचारत, इन्शुलिन घेता का, तोंडात काळं काही दिसतं का, नाकाची एकच बाजू चोंदते का. त्यांचं हिंदी अर्ध्यांना कळत नसे. ज्यांना कळे त्यांच्यातले काही चिडत. एक ठाकूर तर तलवारकट मिशा पिळत तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेले, की ही दक्षिणी बाई माझ्या तोंडात टॉर्च घालते. डॉक्टर म्हणाले, मग उघडा, मीही पाहतो.

१९६८ला वसंतराव निवृत्त झाले आणि सामान बांधलं गेलं. शेवटच्या बुधवारी गाडी संध्याकाळची होती. रत्नप्रभाबाई सकाळी दवाखान्यात गेल्या, बाराचे दोन वाजले तरी परत येईनात, म्हणून वसंतराव आणायला गेले. रांगेत अजून सात माणसं होती. बाईंनी हातानेच थांबायची खूण केली. वसंतराव भिंतीला टेकून उभे राहिले आणि बोलणं ऐकू लागले.